शांघायला गेलेलं नाव

बसा मास्तर. ते स्टूल नको, त्याचा एक पाय लटपटतो. इकडे दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसा. शब्द गोळा करत गावभर हिंडता म्हणे तुम्ही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं माझी आई म्हणाली असती. रागावू नका हं. मला उलट बरं वाटलं. या सान फ्रान्सिस्कोत कुणी दारात आला की तो काहीतरी लुबाडायलाच आलेला असतो. नुसता एक शब्द मागायला आलेले तुम्ही पहिलेच.

थांबा, दिवा लावतो. चारच वाजलेत, पण धुकं उतरलं की या शेडमध्ये स्वतःचा हात दिसत नाही.

तर ‘शांघाय करणं’. अर्थ तुम्हाला कुणीही सांगेल. माणसाला फसवून, पाजून नाहीतर डोक्यात सोटा घालून जहाजावर टाकायचं. त्याचे डोळे उघडतात तेव्हा चहूकडे पाणीच पाणी. पण शब्द आला कुठून, हे विचारलंत तर लोक ठोकून देतील की सगळे तिकडेच जायचे म्हणून. साफ खोटं. मी सहा वर्षं माणसं वाहिली. लिव्हरपूलला वाहिली, पेरूला वाहिली, देवमाशांच्या शिकारीवर वाहिली. शांघायला जाणारं जहाज सहा वर्षांत एकच आलं. त्याचं पुढे सांगतो.

शब्द आला तो आमच्या दारातून. आमच्या म्हणजे पेलबाईंच्या. धक्क्यामागच्या गल्लीत बाईंची खलाशांची खाणावळ होती. माणूस जहाजावर टाकला की दुसऱ्या दिवशी कुणाची तरी बायको यायची, कुणाचा भाऊ यायचा. आमचा माणूस इथं जेवायला आला होता, कुठं गेला? दार मी उघडायचो. बाईंनी शिकवून ठेवलं होतं, सांगायचं ‘शांघायला’. कारण इथून शांघायला जहाज जातं, पण तिकडून इकडे थेट येत नाही. चहा भरून लंडनला जातं, आणि तिथून दुसरं जहाज धरून अख्ख्या अमेरिकेला वळसा घालून यावं लागतं. दोन वर्षं, तीन वर्षं. म्हणजे बाई, वाट बघू नकोस. हे न बोलता बोलायचं असेल तर म्हणायचं शांघाय. पुढे पुढे मी दार उघडताच बायका विचारायच्या, “शांघाय का?” आणि मी मान डोलवायचो. झाला शब्द. लिहून घ्या. अभिमानानं सांगत नाही, पण त्याच्या बाळंतपणाला मी हजर होतो.

आता वही मिटा. पुढचं लिहायचं नाही, ऐकायचं.

बाईंच्या घरात एक रीत होती. आपण केलेलं सांगायचं नाही आणि दुसऱ्यानं केलेलं विचारायचं नाही. कारण उद्या कचेरीत बायबलावर हात ठेवून ‘मला ठाऊक नाही’ म्हणायची पाळी आली, तर ते खरं असावं. बाई फार देवभीरू! म्हणून पेल्यात अफूचा अर्क कुणी घातला, दार कुणी लावलं, यावर चकार शब्द निघायचा नाही. आणलेल्या माणसाचं नावसुद्धा विचारायचं नाही. त्याला जहाजाच्या कागदावर जे नाव लागेल ते बाई देणार.

तिथं कामाला मी आणि निकानोर. निकानोर चिलीचा, बुटका, तोंडाळ, पण जिवाला जीव देणारा. मी माणूस आणायचो, तो पाजायचा, दोघं मिळून होडीतून पोचवायचो. कधी कामं उलटसुलट व्हायची, तरी कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

छप्पन्न सालचा जुलै. माझी बायको टॅमसिन दिवस भरलेली होती. आम्ही टेकडीवर राहायचो, आजही तिथंच राहतो, बासष्ट पायऱ्या चढून. त्या सकाळी बाईंनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

“‘हॅना थॉर्प’ला आठ माणसं कबूल केलीत,” त्या म्हणाल्या. “सात पोचलीत. चारच्या ओहोटीला जहाज सुटतंय. आठवा मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर तुम्हा दोघांतला एक जाईल. कोण, ते आत्ता सांगत नाही. कॉफी पिताना कळेल.”

मी हसलो. बाई नाही हसल्या.

निकानोर बाहेर येऊन म्हणाला, “लेका, आज मी पाण्याशिवाय काही पिणार नाही.”

“कुठं चाललंय ते जहाज?”

“शांघायला. खरोखरच्या शांघायला! बघ, बायकांना इतकी वर्षं खोटं सांगितलंस, देवानं एकदा खरं करायचं ठरवलंय.”

टॅमसिनचं पहिलंच बाळंतपण, आणि या गावात तिचं माझ्याशिवाय कुणी नाही. मी तडक नदीच्या बोटींच्या धक्क्यावर गेलो. तिथं तो भेटला. उन्हानं भाजलेली मान, सुपासारखे कान, कोटाच्या दोन्ही खिशांत पीच. वर नदीकाठी कुठल्याशा बागेत फळं तोडायच्या कामाला होता. मला पाहून त्यानं आधी एक पीच पुढे केलं, मग विचारलं, “इथून समुद्र कुठं दिसतो हो? तेवढा बघायला आलोय. संध्याकाळच्या बोटीनं परत.”

“चल, दाखवतो. आधी न्याहारी तर कर.”

घरी निकानोरनं त्याच्यापुढे बिअर ठेवली. “समुद्र ना? दिसेल की! पोटभर दिसेल.”

मी व्हिस्कीचा पेला नेऊन ठेवला. त्या साध्या माणसानं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “तुझं नाव काय, दादा?”

सहा वर्षांत त्या घरात मला कुणी नाव विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “जॅगो ट्रेम्बाथ.”

“छान नाव आहे. आणि माझं—”

“राहू दे रे,” मी म्हटलं. “आधी घसा ओला कर.”

त्यानं तोंड मिटलं. पेला उचलला. मास्तर, ते अर्धं उघडलेलं तोंड मला अजून दिसतं.

आठ वाजता त्यानं टेबलावर डोकं टेकलं. बाराला मी उठवायला गेलो तर गाल गार. निकानोरनं आरसा आणून नाकाशी धरला. पुन्हा धरला. आरसा स्वच्छच राहिला. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती रीत मोडली.

“अर्क मी बिअरमध्ये घातला होता,” तो म्हणाला.

“मी व्हिस्कीत.”

दोघांनी घातला होता. पुरेपूर, दोघांनीही. विचारायचं नाही ना!

बाईंनी येऊन बघितलं, नाक मुरडलं. “मेला तर मेला. जहाजाला आकडा हवा, जीव थोडाच हवाय? कोट चढवा, हनुवटी बांधा, बाहीचं करा.” आणि गेल्या.

बाहीचं म्हणजे काय, तर एक जुनी युक्ती. मागे एकदा माणूस कमी पडला तेव्हा आम्ही पेंढा भरलेला पुतळा खपवला होता. बाहीत जिवंत उंदीर सोडायचा आणि बाहीची दोन्ही टोकं शिवून टाकायची. उंदीर धडपडला की हात हलतो. बघणाऱ्याला वाटतं, झिंगलाय बिचारा. तेव्हा आम्ही आठवडाभर हसत होतो.

त्या दिवशी हसू नव्हतं. दुसरा माणूस शोधायला वेळही नव्हता. मी त्याच्या उशाशी बसून राहिलो आणि निकानोरपाशी रडलो. खरंच रडलो. म्हटलं, जहाजवाल्यांना कळलं तर मलाच ठेवून घेतील. टॅमसिन एकटी आहे, बासष्ट पायऱ्या, खाली उतरून कुणाला हाक मारायचीही ताकद नाही तिला. निकानोर म्हणाला, “जा, बघून ये तिला. कोट मी चढवतो.” मी गेलो. टॅमसिनला कळा सुरू झाल्या होत्या. शेजारची म्हातारी जवळ बसली होती. तासाभरानं परत आलो तर कोट चढवलेला, हनुवटीखालून टाळूपर्यंत रुमाल बांधलेला, टोपी डोळ्यांवर ओढलेली, उजव्या बाहीच्या टोकाला सुई-दोरा. निकानोर होडी आणायला गेलेला. झालं सगळं, असं मी समजलो. उचलताना जाणवलं, अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. होडीत बसवायला गुडघे दाबून वाकवावे लागले.

बाहेर असंच धुकं. भरदिवसा पांढरं आणि आंधळं. पाण्यावरून आवाज येतात, पण कुठून येतात ते कळत नाही. कुठंतरी एक घंटा वाजत होती, कुठंतरी कुत्रं. निकानोर पुढे बसून वाट सांगत होता आणि मी वल्ही मारत होतो. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे असतं, ठाऊक आहे ना? म्हणजे तो मेलेला माझ्या समोर. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. पाऊण तास मी त्याच्याकडेच बघत होतो. त्याला पिचांचा वास येत होता. उन्हात राहून जास्त पिकून गेलेल्या पिचांचा.

मध्येच त्याची उजवी बाही हलली. मनगटापासून कोपरापर्यंत काहीतरी सरकल्यासारखी. मला बरं वाटलं. उंदीर चांगला दांडगा आहे, म्हटलं. जहाजावर पोचेपर्यंत दमला नाही म्हणजे मिळवली.

‘हॅना थॉर्प’चा दुय्यम कप्तान आडदांड होता, नाक मोडलेलं. दोन खलाशांनी दोर टाकून आमच्या माणसाला वर ओढलं आणि डेकवर एका पिपाला टेकवून बसवलं. दुय्यमानं त्याच्या पायावर लाथ घातली. बाही हलली.

“जिवंत दिसतोय,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “मागच्या बंदरात मेलेला माणूस माझ्या गळ्यात मारला होता. आता मी शहाणा झालोय. याची सही माझ्यासमोर हवी. नाही झाली तर तुझी घेईन.”

“बेशुद्ध आहे हो साहेब...”

“फुली चालेल. हात धरून काढ.”

मागे शीड वर चढत होतं. नांगर उचलायची साखळी कुरकुरत होती. दोन खलाशी माझ्या आणि शिडीच्या मध्ये येऊन उभे राहिले. माझ्या डोळ्यांपुढे टॅमसिन आली, कळांनी उशी चावणारी. मी गुडघ्यांवर बसलो. फळीवर करारनामा ठेवला, टाक दौतीत बुडवला आणि त्याच्या ताठ बोटांत खुपसला. त्याच्या हातावर माझा हात गच्च धरला. फुली काढायची होती, मास्तर. दोन रेघा. तेवढंच.

पहिली रेघ ओढायला लागलो आणि... ती बोटं मिटली. टाकावर मिटली. गार होती. मग हात निघाला. मी त्याला नेत नव्हतो, तो मला नेत होता. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो असतो तर मी तिथंच राहिलो असतो. म्हणून दात आवळून बघत राहिलो. टाक कुरकुरत कागदावरून सरकत गेला आणि थांबला. बोटं पुन्हा सुटली.

दुय्यमानं कागद उचलला. “जॅगो ट्रेम्बाथ,” त्यानं मोठ्यानं वाचलं. “वा! शुद्धीतल्यांपेक्षा बेशुद्धच बरा लिहितो. चला, उतरा खाली.”

आम्ही कसे उतरलो ते आठवत नाही. होडी सुटली, जहाज धुक्यात पुसलं गेलं, तसा निकानोर फिस्कारला.

“गाढवा! स्वतःचं नाव कशाला लिहिलंस?”

“मी नाही लिहिलं. त्यानं हात ओढला माझा...”

“भ्यालास तू. हातात हात तुझा होता, भीतीनं लिहून गेलास. नाहीतर उंदरानं धक्का दिला असेल.”

“उंदीर सही करतो होय रे?”

तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “पण उंदीर छान शिवलास हां. फार हलत होता.”

माझी वल्ही थांबली.

“मी शिवला?” मी म्हटलं. “तू शिवलास ना?”

“मी नुसता कोट चढवला. सुई खुपसून ठेवली होती तुझ्यासाठी. शिवणकाम तुझं ना... मी होडी आणून आलो तेव्हा तू त्याच्याजवळच उभा होतास. मला वाटलं...”

होडी आपली आपण वाहत होती. आम्ही परत गेलो, मागच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात पिंजरा होता. पिंजऱ्यात उंदीर होता. पाव कुरतडत होता.

निकानोर त्याच आठवड्यात चिलीला निघून गेला. जाताना मिठी मारली. मी बाईंचं घर सोडलं आणि जहाजांना पाणी-भाजी पोचवायचं काम धरलं. त्या संध्याकाळी टॅमसिनला मुलगी झाली होती. मॉर्वेना नाव ठेवलं. चर्चच्या वहीत बापाची सही करायला टाक घेतला, तर टाक कागदावर नुसता टेकून राहिला. अक्षर उमटेना. माझं स्वतःचं नाव मास्तर, जे मी सात वर्षांचा असल्यापासून लिहीत होतो. पाद्री म्हणाला, असू दे, फुली काढ. तेव्हापासून फुलीच.

दोन वर्षं गेली. एकदा एका जहाजाला कोबी पोचवायला गेलो. तिथल्या खलाशाला नाव सांगितलं तर तो हसला. “ट्रेम्बाथ? तुझा भाऊ आहे का रे? ‘हॅना थॉर्प’वर आमच्याबरोबर होता. सुकाणूवर उभा राहायचा. कितीही वादळ असू दे, हलायचा नाही. जेवताना मात्र कधी दिसला नाही. नावानं हाक मारल्याशिवाय बघायचाही नाही. शांघायला उतरला आणि धक्क्यावरच्या प्रत्येकाला विचारत सुटला, सान फ्रान्सिस्कोला कुठलं जहाज जातं? थेट नाही म्हटल्यावर चहाच्या जहाजावर चढला.”

मी कोबी तिथंच टाकून आलो.

साठ साल उजाडलं. लंडनहून आलेल्या एका सुतारानं सांगितलं की तिकडे गोदीत एक ट्रेम्बाथ भेटला होता. घरी निघालाय. बायको टॅमसिन आहे म्हणतो, टेकडीवर घर आहे, बासष्ट पायऱ्या. हे सगळं आम्ही त्याच्या उशाशी बसून बोललो होतो, मास्तर. मेलेल्याच्या उशाशी.

त्या रात्री मी टॅमसिनला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “चार वर्षं शेजारी निजलास आणि हे पोटात ठेवलंस?”

“तुझ्यासाठीच केलं गं...”

“माझं नाव मध्ये आणू नकोस. तू पाजलंस, तू मारलंस. आणि तो तुझ्या वाटची फेरी करतोय.” तिनं डोळे पुसले. “येऊ दे त्याला. मी ताट वाढीन. मी नाही दार लावणार.”

अशी आहे ती. मला वाटलं होतं घाबरेल. घाबरत मीच होतो. येणाऱ्या प्रत्येक जहाजाला मी सर्वांत आधी गाठायचो. घरी पोचायच्या आत त्याला अडवायचं, पाया पडायचं, एवढंच ठरवलं होतं.

जुलैतल्या अशाच एका दुपारी लंडनचं जहाज आलं. मी जिवाच्या आकांतानं वल्ही मारली. डेकवरच्या माणसानं वही चाळली. “ट्रेम्बाथ? आहे की. सकाळी सुकाणूवर होता. नांगर पडल्यापासून दिसला नाही बुवा. पोहत गेला की काय!” सगळे हसले.

बासष्ट पायऱ्या मी कशा चढलो ते माझ्या छातीला विचारा. दार उघडं होतं. मॉर्वेना उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून खडे मांडत होती, माझ्याकडे पाठ करून. आत टॅमसिन टेबलाशी बसलेली, चेहरा पिठासारखा. समोर ताट. भरलेलं, हात न लावलेलं.

“येऊन गेला,” ती म्हणाली.

“काय... काय म्हणाला?”

“मोठे कान. हनुवटीखालून रुमाल. मी विचारलं, दात दुखतोय का हो? नुसती मान हलवली. बोलताना तोंड पुरतं उघडत नव्हतं. म्हणाला, हे नाव माझं नाही, परत द्यायला आलोय. माझं होतं ते द्या.”

“मग?”

“काय देणार? म्हटलं, आम्हाला ठाऊक नाही हो. माझ्या नवऱ्यानं विचारलंच नव्हतं.” तिला रडू फुटलं. “जॅगो, इतका निराश झाला रे तो! ओरडला नाही, काही नाही. म्हणाला, नावाशिवाय जहाजावर घेत नाहीत. आणि उठला. बाहेर गेला. पायरीवर पोरीजवळ वाकला.”

“पोरीला हात लावला?”

“नाही. नुसतं विचारलं, तुझं नाव काय, बाळ?”

मी टेबल धरलं.

“आणि तिनं?”

“तिनं सांगितलं. मीच शिकवलंय ना, मोठ्यांनी विचारलं की नीट सांगावं. तो म्हणाला, छान नाव आहे. आणि उतरून गेला.”

चुलीजवळ कोळसा पडला होता. मी का उचलला कोण जाणे. टेबलावर हात टेकवला आणि लिहिलं. जॅगो ट्रेम्बाथ. सरळ, न अडखळता, चार वर्षांनी. टॅमसिननं ते वाचलं आणि दोघंही एकदमच दाराकडे वळलो.

“मॉर्वेना,” मी हाक मारली.

पोर खडे मांडत होती.

“मॉर्वेना! ए मॉर्वेना!”

तीन हातांवर बसली होती, मास्तर. टॅमसिननं टाळी वाजवली तशी लगेच वळली आणि हसली. ऐकू येत होतं तिला. फक्त ते नाव तिचं राहिलं नव्हतं.

पाद्र्याकडून दुसरं नाव ठेवून घेतलं. ते चिकटत नाही. तिसरं ठेवलं. आता नुसतं ‘अगं’ म्हणतो. गुणाची पोर आहे, सहा वर्षांची. खाते, खेळते, आईला मदत करते. मी उन्हाळाभर नदीकाठच्या बागा पालथ्या घालतो. छप्पन्न साली तुमच्याकडचा एक गडी समुद्र बघायला गेला आणि परत आला नाही, मोठ्या कानांचा, त्याचं नाव काय होतं? लोक डोकी खाजवतात. इतके गडी येतात नि जातात. कुणी विचारलेलं नसतं. मला ते नाव हवंय, मास्तर. त्याच्या हातावर ते ठेवीन आणि पोरीचं परत मागून घेईन, माझंही पुन्हा नेलं तरी चालेल. तुम्ही गावोगाव शब्द विचारत हिंडता. तेवढं एक नाव माझ्यासाठी विचाराल का? तो यायच्या आत हवंय.

कारण येतोय तो. टॅमसिन म्हणते, असं बोलू नकोस. पण तिलाही ऐकू येतं. आम्ही नावानं हाक मारली तर पोर ओ देत नाही. पण धुकं उतरलं की ती पायरीवर जाऊन बसते, पाण्याकडे तोंड करून. आणि कुणी हाक मारलेली नसताना, मध्येच मान वर करून ‘ओ’ म्हणते.

दोन वर्षं ऐकतोय मी. आधी ती मोठ्यानं ओ द्यायची, लांबच्या माणसाला देतात तशी. गेल्या आठवड्यापासून अगदी हळू देते.